डाव्या हाताची मशीन

सासूसाठी मी शिलाई मशीन बनवली, हे ऐकलं की लोक भारावून जातात. "केवढी माया गं तुझी!" म्हणतात. माया कसली डोंबलाची! मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, म्हणून बनवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे चांगुलपणाचा आव आणावा लागणार नाही.

मी मूळची नगरची. आता बसवर अहिल्यानगर लिहितात, पण तोंडात नगरच बसलंय. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात दोन वर्षं यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढली, आणि मग लग्न करून पारनेर तालुक्यातल्या या गावात आले. सासूला मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. आत्या गावातली नावाजलेली शिवणारी. तीस वर्षं पायाच्या मशीनवर बसून तिने अख्ख्या गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले. मग एका सकाळी तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा हळूहळू परत आली. हात-पाय नाही आले.

तेव्हापासून दीड वर्षं मी एका खोलीत होते. खोलीला दार होतं, दाराला कडीही नव्हती, तरी मी कोंडलेली होते. मागच्या हौदावर धुणं धुवायला गेले की, "अगंऽ कुठं गेली?" स्वयंपाकघरात दोन मिनिटं जास्त लागली की, "अगंऽ!" काय हवंय म्हणून विचारावं तर काही नको असायचं. फक्त मी दिसायला हवी असायचे. उठवणं, पुसणं, खालची फडकी बदलणं, तिन्ही वेळा घास भरवणं, सगळं मी करत होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण त्या हाकेनं माझं डोकं उठायचं. कधी कधी हौदाशी उभी राहून मी नळ मोठा सोडायचे, ऐकू येऊ नये म्हणून. नवरा सुप्याच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. घरी आला की म्हणायचा, "आईचं तुझ्याशिवाय पान हलत नाही बघ." हे कौतुक होतं म्हणे.

अशात माझ्या जुन्या साहेबांचा फोन आला. ड्रॉइंगवाला मुलगा सोडून गेलाय, परत येतेस का? मी इतक्या जोरात हो म्हटलं की आत्या आतून "काय झालं?" म्हणून ओरडली. साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढे नाही जमायचं."

नवऱ्याची हरकत नव्हती. म्हणजे, "आईचं काय ते बघ आणि जा," एवढीच त्याची हरकत. शेजारच्या काकू दिवसभर बसायला तयार झाल्या. म्हणून एक दिवस त्यांच्यावर सोपवून मी पारनेरला बँकेचं काम उरकून आले. परत आले तर काकू दारातच उभ्या. "बाई, मला न्हाई जमायचं. सारखी हाका मारती. जेवली बी न्हाई माझ्या हातनं. तिच्या हाताला कायतरी काम दे, मग बघू."

ते माझ्या डोक्यात बसलं. हाताला काम. आत्याच्या हाताला एकच काम येत होतं. जेवली नाही, हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारीचे नखरे, दुसरं काय!

पायाची मशीन तिला शक्यच नव्हती. बाजारातली छोटी मशीन बघितली, तर प्रत्येकीचं चाक उजवीकडे. कापडावरचा दाब उचलायचा दांडा असा मागे की तिथे उजवा हातच पोचणार. जगात सगळ्यांची उजवी बाजू धडधाकट असते, असं धरूनच ही यंत्रं बनवलेली! मला चेव आला. जुना लॅपटॉप काढला आणि आत्याच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून ड्रॉइंग सुरू केलं. कितीतरी दिवसांनी मला मी हुशार आहे असं वाटलं.

भंगारवाल्याकडून हाताची एक जुनी मशीन आणली. तिच्यातली बॉबिन, कापड सरकवणारे खालचे दाते, सुईचा दांडा एवढंच ठेवलं आणि बिडाचं जड अंग टाकून दिलं. नवऱ्यानं ओळखीच्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून आणल्या. चाक डावीकडे घेतलं, दाबाचा दांडा पुढे आणला. मोटर बॅटरीवरची, लाइट गेली तरी अडायला नको. सुई बाजूला चीर असलेली मिळते, दोरा नेढ्यात ओवावा लागत नाही, नुसता सरकवायचा. मोटरचं बटण कोपराखाली द्यावं असं आधी वाटलं, पण कापड सारताना कोपर उचलला जातो आणि मशीन थांबते. चार दिवस त्यात गेले. मग आत्या झोपेत असताना तिचा डावा पाय चादरीखाली हलताना दिसला. टाच टेकलेली आणि चवडा खाली-वर, खाली-वर. बाई झोपेत मशीन चालवत होती! मी खाटेच्या पायथ्याला फळी ठोकली आणि तिच्यावर पायाचं बटण बसवलं.

मापं मी ती झोपली की घ्यायचे. हात किती लांब जातो, बसवल्यावर मांडी किती उंच येते. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, आणि सासूनं एकदा नाही म्हटल्यावर पुढे करणार काय? बायकाही मापाला जुना ब्लाउज आणून टाकतात, अंगाला टेप कोण लावू देतं! तशी मी तिची मापं नुसती बघून बघून घेतली. मला वाटलं, मला तिचं सगळं माहीत आहे. दीड वर्षं दुसरं बघितलंच काय होतं मी?

दिवाळीच्या आठवडाभर आधी मशीन तयार झाली. डब्यांच्या पिशवीत मावेल एवढी, आणि एका हाताने उचलता येईल अशी हलकी. आत्याला उशा लावून बसवलं, मांडीवरून चौरंग सरकवला, त्यावर मशीन ठेवली. ती बघतच राहिली. डावा पाय मी फळीवर टेकवला. तिनं चवडा दाबला आणि मशीन खर्रर्र चालली. खरं सांगते, तिचा चेहरा उजळला.

मी नवरात्रात ओटीत आलेला एक खण काढून सुईखाली सरकवला. "धरा आत्या, डाव्या हातानं नुसतं पुढे सारायचं."

तिनं पाय काढला. हात उचललाच नाही.

"ह्या हातानं?" ती म्हणाली. "ओटीचा खण?"

"मग काय झालं?"

"काय झालं म्हंती! ह्या हातानं मी देवाला फूल वाह्यलं न्हाई कदी. कुनाला हळदीकुंकू लावलं न्हाई. आन् लेकीबाळींच्या अंगावरचं कापड शिवू व्हय? लोक काय म्हंतील?"

"अहो, लोकांना काय पडलंय त्याचं?"

"मला पडलंय."

माझा तोल गेला. इतक्या दिवसांची माझी मेहनत, आणि तोंडावर दिवाळी. मी ओरडले, "म्हणूनच जेवत नाही का त्या हातानं? चांगला चालता हात आहे तुम्हाला! चमचा धरता आला असता. तेवढ्यासाठी मला इथं बांधून ठेवलंय दीड वर्षं?"

तोंडातून गेलं तेव्हाच मला ते कळलं. तोवर मला खरंच कळलं नव्हतं. दिवसातून तीन वेळा मी तिच्यासमोर बसून घास भरवत होते आणि तिचा धडधाकट डावा हात चादरीखाली लपवलेला असायचा, तो मी बघितलाच नव्हता. डाव्या हातानं ती जेवणार नव्हती. आणि भरवून घेण्याची लाज तिनं फक्त माझ्यापुढे गिळली होती, काकूंपुढे नाही. यंत्र बनवायला मी तिची बोटं मोजली, हाडं मोजली, आणि त्या हाताला ती काय समजते हेच राहिलं. डिप्लोमा कसला माझा!

आत्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी मशीन उचलून खाटेखाली सरकवली. संध्याकाळी नवऱ्यानं ती बघितली, दोन-चार वेळा चालवली आणि म्हणाला, "भारीच झालीय की! आता तूच शिव हिच्यावर. घरबसल्या काम होईल." मी त्याच्याशी तीन दिवस बोलले नाही.

दिवाळी आली नि गेली. आत्याचं हाका मारणं बंद झालं होतं, आणि ते तर आणखीच वाईट. घास भरवायला बसले की ती डोळे मिटून तोंड उघडायची. मला माफी मागायची होती, पण तोंडाशी आलेलं परत जायचं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हौदाशी जाऊन मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, थोडे दिवस आणखी थांबता येईल का? माणूस चांगला, त्यांनाच अवघड झालं. "अगं, मी वाट बघितली. कालच एकाला घेतलं बघ." मी बरं म्हटलं, नळ सोडला आणि फडकी धूत बसले.

आत आले तर आत्या उशांना टेकून बसलेली. "ताट आन," म्हणाली. मी मुगाच्या आमटीत भाकरी कुस्करून आणली, घास केला, पुढे केला.

"ठिव खाली."

मी ताट चौरंगावर ठेवलं. तिनं चादरीखालून डावा हात काढला. बराच वेळ तो नुसता ताटाच्या काठावर राहिला. मग तिनं घास उचलला, थोडा सांडला, आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला. एकामागून एक सगळे घास तसेच खाल्ले. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मीही पुसलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

जेवण झाल्यावर म्हणाली, "काकूला सांग, नुसतं बसाय ये म्हनावं. जेवान मी माझं खाईन. तू उद्यापास्नं जा कामाला."

नोकरी गेली, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरला, ठेवणीतली साडी नेसले, काकूंना बसवलं आणि स्टँडवर जाऊन बसले. माझ्यासाठी कुठेच जागा नव्हती. पण परत घरी जाऊन आत्याला काय सांगणार होते? नगरची गाडी आली, मी चढले. कंडक्टरनं "कुठं?" म्हणून विचारलं आणि मला भर गाडीत रडू फुटलं.