आंब्याखालची खडूची रेघ

मी अकोल्याची. त्यामुळे उन्हाबद्दल मला कुणी काही शिकवू नये, असा माझा बरीच वर्षं तोरा होता. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पडायचं म्हणजे डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि घरी परतलं की कैरीचं पन्हं. नवरा हवाई दलात. त्याची बदली चंदीगडला झाली आणि मला इथल्या एका शाळेत भूगोल शिकवायची नोकरी मिळाली. एप्रिलमध्ये स्टाफरूममधल्या बाया “कितनी धूप है जी” म्हणत वहीनं वारा घ्यायला लागल्या की मला हसूच यायचं. मनात म्हणायची, हे ऊन होय बापा?

त्या वर्षी माझ्याकडे सातवीचा वर्ग होता. जुलैत एक नवी मुलगी आली. तिला सोडायला आलेल्या आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “मैम, बस इसे धूप में मत भेजना।” मुलीला असा आजार होता की कातडीवर ऊन पडलं की तिचं शरीर स्वतःवरच उलटायचं. गाल लाल व्हायचे, सांधे सुजायचे, ताप भरायचा. म्हणून पूर्ण बाह्या, हातमोजे, रुंद काठाची टोपी आणि चेहऱ्यावर क्रीमचा थर. प्रार्थनेच्या आणि खेळाच्या तासाला ती लायब्ररीत बसायची, एकटी.

मी तिला जिवापाड जपलं. खिडकीजवळचा बाक बदलला, पडदे लावले, घरी जाताना टोपी घातल्याशिवाय वर्गाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. आई दर महिन्याला भेटायची आणि हात जोडून जायची. मला त्याची थोडी चटक लागली होती, हे आता कबूल करते.

मग इथला हिवाळा आला. आठवडेच्या आठवडे धुकं, सूर्याचा पत्ता नाही. सुट्टी संपून शाळा उघडली आणि जानेवारीतल्या एका सकाळी अचानक लख्ख ऊन पडलं. अशा दिवशी हे शहर काय करतं, ते मी आधीच्या हिवाळ्यात डोळे विस्फारून पाहिलं होतं. बँकेतले लोक फुटपाथवर खुर्च्या टाकतात. बागांमध्ये माणसं वाळत घातलेल्या पापडांसारखी पसरतात. शाळेतही कुणीतरी “धूप निकल आई!” म्हणून ओरडतं आणि वर्गच्या वर्ग सतरंज्या घेऊन पटांगणात येतात. शिक्षक शिकवता शिकवता संत्री सोलतात. उन्हापासून पळणाऱ्या मुलखातल्या मला हे फार गमतीचं वाटायचं.

सगळे बाहेर पळाले आणि ती मुलगी दारात उभी राहिली. “मैम, मैं लाइब्रेरी जाऊँ?”

मी वर पाहिलं. फिकट, आजाऱ्यासारखा सूर्य. स्वेटरवर शाल घेऊनही मला हुडहुडी भरली होती. म्हटलं, “अगं, ये कोई धूप है? आ जा।” धुक्याच्या दिवसांत तिनं टोपी आणणं सोडलं होतं, क्रीमही लावलेलं नव्हतं. तिनं विचारलं, “पक्का?” मी म्हटलं, “पक्का.”

दोन तास ती सतरंजीवर मैत्रिणींच्या मधोमध बसली. तोंड वर, डोळे मिटलेले. एवढ्या आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तो आनंद आपण दिला म्हणून मीही खुशीत होते.

तिसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आठवड्यानं आई आली. मुलीला दवाखान्यात ठेवलं होतं. मनगटं एवढी सुजली होती की पेन धरता येत नव्हतं. आई ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, “गर्मियों में आपने इतना ध्यान रखा मैम, सर्दियों में क्या हो गया?” आणि आता घरीच शिकवणार, शाळेत पाठवणार नाही, असं सांगून गेली.

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. सूर्याचे किरण तिरपे का पडतात, हे बारा वर्षं फळ्यावर काढून दाखवणारी बाई मी!

आमच्या खालच्या मजल्यावर कोल्हापूरचे एक डॉक्टर राहतात, त्वचारोगाचे. त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, “वहिनी, तुमी ऊन किती भाजतंय त्यावर जोखताय. पोरगी भाजण्यानं नव्हं, उजेडानं आजारी पडत्या. मे महिन्यात माणूस आपसूक सावलीला पळतंय. थंडीत ऊन गोड लागतंय म्हणून तासन्‌तास बसून राहतंय. तिथंच घोटाळा होतोय बघा.”

“म्हणजे तिनं कधी बाहेर बसायचंच नाही काय?”

“दाट सावली शोधा. तिथंबी टोपी, हातमोजे, क्रीम सोडायचं न्हाई. आणि तिच्या डॉक्टरनी हो म्हटल्याशिवाय काही करू नका.”

दुसऱ्या दिवसापासून मला सावलीचं वेडच लागलं. लायब्ररीसमोर आंब्याचं मोठं झाड आहे. इथली बरीच झाडं थंडीत बोडकी होतात, पण आंबा भरगच्च असतो. खाली फरशी आहे. मी प्रत्येक तासाच्या सुरुवातीला जाऊन सावलीच्या कडेला खडूनं रेघ मारायला लागले. पृथ्वी फिरते हे मला माहीत होतं, पण ती एवढ्या घाईनं फिरते हे मी कधी पाहिलंच नव्हतं! रेघ मारून उठेपर्यंत सावली बोटभर पुढे गेलेली असायची. मुलं भोवती जमली. हे कशासाठी, म्हणून विचारायला लागली. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, की माझ्या चुकीनं तुमची मैत्रीण आजारी पडली आणि तिला बाहेर कुठे बसता येईल ते मी शोधतेय. त्यानंतर खडू माझ्या हातात फारसा राहिला नाही. खेळाचे सरदारजी सर दिवसभर मैदानात उभे असतात. ते येऊन म्हणाले, “मैम, मेरी नाक का भी कुछ करो।” तोवर त्यांच्या नाकाचं सालटं निघालेलं माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. मग प्रार्थनेच्या वेळी पाहिलं, तर आम्ही शिक्षक व्हरांड्याच्या सावलीत आणि पहिलीची पोरं डोळे किलकिले करून उन्हात. मुख्याध्यापकांना सांगून त्या रांगा मी हलवून घेतल्या.

दहा दिवसांच्या रेघा कागदावर उतरवून मी मुलीच्या घरी गेले. कोणत्या तासाला कुठवर सावली, सगळं आईला दाखवलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. म्हटलं, ही इथे सावलीत बसेल, बाकीची मुलं पलीकडे उन्हात. आई कागदाकडे बघत राहिली. तेवढ्यात आतल्या दारातून मुलगी म्हणाली, “फिर तो लाइब्रेरी ही हुई न मैम। बस बाहर वाली।”

एवढा अभ्यास केला, पण तिला नेमकं काय हवंय हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

तरी फेब्रुवारीत, तिच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन, आई एका दिवसासाठी तयार झाली. “एक दिन। मैं गेट पर खड़ी रहूँगी।” तो दिवस बिनसला असता तर मुलगी पुन्हा शाळेत दिसली नसती.

खडूची रेघ बरोबर मधून जाईल अशी मी सतरंजी घातली. टोपी आणि हातमोजे घालून ती सावलीच्या बाजूला, रेघेपासून चांगली आत बसली. बाकीचे उन्हात. थंडी मरणाची होती. मी उन्हात खुर्ची टाकून नद्यांचा धडा सुरू केला.

पाचेक मिनिटांत तिच्या शेजारी बसणारी मुलगी रेघ ओलांडून सावलीत सरकली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, “धूप चुभ रही है, मैम।” बोलताना तिचे दात वाजत होते. मग आणखी दोघी सरकल्या. मग मागची मुलं. कुणाच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, कुणाचं डोकं दुखत होतं. धडा निम्मा होईपर्यंत छत्तीसच्या छत्तीस पोरं आंब्याखाली एकमेकांना चिकटून कुडकुडत होती. मला पुढचं वाचता येईना. मी चष्मा पुसत बसले.

“मैम,” टोपीखालून आवाज आला, “आप धूप में हो।”

मी खुर्ची उचलली आणि रेघेच्या आत नेऊन ठेवली. धडा संपवून फाटकाकडे पाहिलं, तर तिथे कुणी नव्हतं. तिची आई केव्हाच घरी गेली होती.