चाकाचा घेर

मोठ्या गाडीचा मूळ बंपर उतरवला, की तिचा चेहरा कवळी काढून ठेवलेल्या माणसासारखा दिसू लागतो. गाल आत जातात, एरवी झाकलेल्या नळ्या आणि तारा उघड्या पडतात, आणि डोंगर चढण्याचा आव आणणारे ते धूड एकाएकी केविलवाणे होते. मापारींचे काम या क्षणापासून सुरू होई. कंपनीचा प्लास्टिकचा बंपर काढून त्या जागी जाड पोलादी बंपर बसवणे, त्यात रुतलेली गाडी ओढून काढणारी विंच जोडणे, गाडी उचलून तिला रुंद, उंच, खोल नक्षीचे टायर घालणे, आणि हे सारे इतक्या बेमालूमपणे करणे की गाडी जन्मतःच अशी होती असे वाटावे, यात त्यांची हयात गेली होती.

मापारी हे त्यांचे आडनाव नव्हे. भोक पाडण्याआधी ते दोनदा मापत, आणि तिसऱ्यांदा पट्टी उचलली की वर्कशॉपमधले इतर कारागीर एकमेकांना डोळा मारत. वेल्डर म्हणे, आता पट्टीचंही माप घेतील. मापारी यावर हसत, आणि तिसऱ्यांदा मापत.

टायर बदलल्यानंतरचे एक शेवटचे काम ते कधी दुसऱ्यावर सोपवत नसत. टायरवर आणि जमिनीवर खडूने एका रेषेत खूण करायची, गाडी हळूच ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यायचा, तिथे दुसरी खूण करायची आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजायचे. तो चाकाचा घेर. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक छोटे यंत्र जोडून तो आकडा गाडीला कळवायचा. गाडीला स्वतःचा वेग दिसत नाही. ती फक्त चाकाचे फेरे मोजते. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात जास्त रस्ता कापला जातो, पण गाडी जुन्याच हिशेबात राहते, आणि काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवत राहतो. हे काम फोटोत येत नाही. त्यामुळे त्याबद्दल कोणी शाबासकी दिल्याचे मापारींना आठवत नव्हते.

दातांच्या डॉक्टरांची गाडी आली तेव्हा तिच्या बंपरने त्यांचे सारे लक्ष खाऊन टाकले. समोरचा अडथळा ओळखणारे सेन्सर मूळ बंपरमध्ये होते. ते पोलादी पत्र्यात अशा बेताने बसवायचे होते की दिसू नयेत आणि आंधळेही होऊ नयेत. डॉक्टर मधूनमधून येऊन उभे राहत. 'मिस्त्री, दाढा अशा बसवा की गाडी नुसती हसली तरी समोरचा बाजूला झाला पाहिजे,' असे ते म्हणत, आणि आपल्याच विनोदावर खूश होत. गाडी न्यायच्या दिवशी ते मित्रांना घेऊन आले. सगळ्यांना तिथूनच डोंगराकडे निघायचे होते. मापारी खडू घेऊन पुढच्या चाकाशी वाकलेले पाहून डॉक्टर म्हणाले, ती रांगोळी परत आल्यावर, मंडळी खोळंबली आहेत. मित्रांपैकी एक जण बंपरवरून हात फिरवत होता, आणि सांधा कुठे आहे ते त्याला सापडत नव्हते. मापारी त्या हाताकडे पाहत राहिले. काम अर्धे असताना गाडी दाराबाहेर सोडायची नाही, हा त्यांनीच इतरांना घालून दिलेला नियम होता. त्यांनी गाडी सोडली.

डोंगरावरून डॉक्टर परत आले, पण गाडी वर्कशॉपला आली नाही. मापारींनीही बोलावणे धाडले नाही, आणि ते धाडण्यासाठी त्यांना फार लांब जावे लागले नसते. डॉक्टरांची गाडी एरवी चालवणारा ड्रायव्हर मापारींचाच मेहुणा होता.

हा मेहुणा पत्नीचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचे मोठे केले होते. आधी तो पार्सलची व्हॅन चालवी आणि वाऱ्यावर स्वार झाल्यासारखी पळवी. त्यापायी ती नोकरी गेली होती. तेव्हा ताई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. या अबोल्याने जे केले ते कोणत्याही दंडाने केले नसते. त्याने तिला शब्द दिला, की यापुढे काटा साठच्या वर जाणार नाही. मग मापारींनी आपली पत खर्ची घालून त्याला डॉक्टरांकडे चिकटवून दिले. तो शब्द त्याने इतका मनावर घेतला, की ताईच त्याला चिडवू लागली: काट्याकडे एवढं बघतोस, मग रस्त्याकडे कोण बघतं?

दर सुट्टीच्या दिवशी तो जेवायला येई. अशाच एका जेवणात तो म्हणाला, की टायर बदलल्यापासून गाडी काही वेगळीच चालते, काटा साठला असतो आणि रस्ता मात्र भर्रकन मागे जातो. उंच बसल्यामुळे तसे वाटत असेल, असे त्याचे त्यानेच ठरवून टाकले. 'वाटेल ते वाटू दे, ताई. आपण काट्याला बांधलेले.' ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मापारींच्या तोंडात घास होता. त्यांना खडू आठवला, अर्धे राहिलेले काम आठवले, आणि हे आत्ताच सांगायला हवे हेही कळले. पण पत्नीच्या चेहऱ्यावर भावाविषयीचा अभिमान कितीतरी दिवसांनी उमटला होता, आणि त्यांनी बसवलेल्या टायरची तर ही पहिलीच तक्रार होती. घास गिळून होईपर्यंत बोलणे दुसरीकडे गेले. उद्या फोन करू, असे त्यांनी मनाशी म्हटले.

दुसऱ्या दिवशी नवी गाडी आली. त्यानंतर सांगणे अधिकाधिक अवघड होत गेले, कारण आता चुकीबरोबर उशीरही सांगावा लागला असता. विसरणे वेगळे आणि आठवलेले बाजूला सारणे वेगळे, हा फरक मापारींना पुरेपूर समजत होता. ते मूग गिळून बसले.

अपघात रोपवाटिकांजवळच्या वळणावर झाला. रोपे विकणारी एक बाई हातगाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मेहुण्याने ब्रेक दाबला, पण त्याच्या अंदाजाप्रमाणे गाडी जिथे थांबायला हवी होती, त्याच्या पुढे जाऊन थांबली. बंपर हातगाडीवर आदळला, हातगाडी बाईवर, आणि तिचा हात कोपरापाशी मोडला. वळणाआधीच्या खांबावर वेग टिपणारा कॅमेरा होता. त्यात साठच्या बराच वरचा आकडा निघाला. मेहुणा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की काटा साठला टेकलाही नव्हता. डॉक्टरांनी त्याला त्याच संध्याकाळी काढून टाकले.

तो बहिणीच्या घरी आला तेव्हा सासरेही तिथे होते. त्याने तिथेही सगळ्यांसमोर तेच सांगितले. सासरे मान खाली घालून ऐकत होते. ताईचा त्याच्यावर विश्वास बसू पाहत होता. आणि मापारी उसळले.

'काटा साठवर होता म्हणतोस. मग कॅमेऱ्याचं काय तुझ्याशी वैर आहे? जित्याची खोड आहे ती. निदान खोटं तरी बोलू नकोस, ताईकडे बघून तरी.'

आवाज चढवला की आतला दुसरा आवाज ऐकू येत नाही. त्या संध्याकाळी मापारींनी त्या युक्तीचा पुरेपूर उपयोग केला. ताई उठून आत गेली. दारातून बाहेर पडताना मेहुणा म्हणाला, की आपली नजर चुकली असेल. ही कबुली ऐकून सासऱ्यांना हायसे वाटल्यासारखे दिसले. मापारींना त्या रात्री जेवण गेले नाही, आणि पत्नीला वाटले, भावाच्या काळजीने.

नजर चुकली असेल, हे मेहुण्याने वरवर म्हटले नव्हते. तो डोळे तपासून आला. डोळे चांगले निघाले, याचेच त्याला वाईट वाटले. मग तो एका गोदामात खोकी उचलायला लागला. एकदा ताईने काही आणायला त्याच्यापुढे स्कूटरची किल्ली धरली, तर तो किल्ली न घेताच चालत गेला आणि खूप उशिरा परतला. ताई बोलत होती त्याच्याशी. पण वाफ गेलेल्या अन्नासारखे ते बोलणे झाले होते.

काही दिवसांनी गाडी दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये आली. बंपरवर एक ओरखडा होता, बस्स. विंचच्या हुकात थोडी माती आणि एक वाळके पान अडकले होते. वेल्डर म्हणाला, काय दणकट काम आहे बघा, हातगाडीचा चुरा आणि हा ढिम्म हलला नाही. मापारींनी पान काढले, माती खरवडली, आणि कोणी विचारण्याआधी खडू घेऊन चाकाशी बसले. आकडा त्यांच्या अपेक्षेइतकाच आला. सवयीने त्यांनी यंत्र जोडले आणि तो गाडीला कळवून टाकला. मग ते सीटवर तसेच बसून राहिले. काटा आता खरे बोलणार होता. म्हणजे मेहुण्याच्या बाजूने साक्ष देऊ शकणारी एकमेव वस्तू त्यांनी आपल्या हाताने पुसली होती. आता जे उरले होते ते फक्त त्यांच्या तोंडात होते.

गाडी न्यायला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी सगळे सांगितले. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. ते बंपरकडे पाहत म्हणाले, की घाई आपलीही होती, हे मान्य. पण बाईचा इलाज आपण करतोच आहोत, प्रकरण मिटत आले आहे, आता वर्कशॉपचे नाव कशाला घालवता? सल्ला व्यवहाराचा होता. तो ऐकताना मापारींच्या लक्षात आले, की इतके दिवस ते स्वतःला हेच सांगत आले होते, फक्त इतक्या नीट शब्दांत नाही.

ज्या खोलीत ते उसळले होते त्याच खोलीत त्यांनी पुढच्या सुट्टीला तिघांनाही बसवले. खडू, घेर, फेरे, काटा हे सारे त्यांनी अगदी सोपे करून सांगितले. सासऱ्यांना ते चटकन समजले नाही; मुलीनेच त्यांना समजावले.

'म्हणजे रस्ता भर्रकन मागे जात होता, तो खराच जात होता,' मेहुणा म्हणाला.

'हो.'

'भावोजी, तुम्हाला हे कधी आठवलं? गाडी परत आल्यावर?'

उत्तर त्याने आयतेच पुढे केले होते. मापारींना फक्त मान हलवायची होती.

'आधी. इथेच जेवत होतो. तू सांगितलंस तेव्हाच.'

'आणि मग मला खोटारडा म्हणालात.'

'चोराच्या उलट्या बोंबा. दुसरं काय म्हणू?'

पत्नी नवऱ्याकडे पाहत होती. 'अहो, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता तेव्हा?' एवढेच तिने विचारले, आणि उत्तरासाठी थांबली नाही.

मेहुण्याने चपला घातल्या. मापारी म्हणाले, की डॉक्टरांकडे आपण दोघे जाऊ, नोकरी परत मिळेल. मेहुणा म्हणाला, 'डॉक्टर राहू देत. दवाखान्यात मी त्या बाईला सांगत होतो, की साठच्या आत होतो. तिनं चार शब्द सुनावले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला आधी सांगा. आत्ता.'

रोपे विकणाऱ्या बाईची खोली वाटिकेच्या मागे होती. दारात कुंड्यांची उतरंड, आत एक खाट, एक खुर्ची, आणि खिडकीत पाणी शिंपडलेली रोपे, एका हाताने शिंपडल्यामुळे निम्मी कोरडी. मेहुणा कुंड्यांपाशीच थांबला. मापारी आत गेले. वाटेत त्यांनी काही वाक्ये जुळवली होती. प्लास्टरमधला हात पाहिल्यावर त्यातले एकही राहिले नाही. त्यांनी सांगितले, की गाडीचे टायर आपण बसवले, नंतरचे माप घ्यायचे राहिले, त्यामुळे गाडी ड्रायव्हरला खोटा वेग दाखवत होती, आणि हे ठाऊक असून आपण गप्प बसलो.

ऐकून झाल्यावर बाईने दुखऱ्या हाताखालची उशी सारखी केली.

'म्हणजे तो खरं बोलत होता?'

'खरं बोलत होता.'

'मी त्याला नाही नाही ते बोलले हो.' ती दाराकडे पाहू लागली. 'तो बाहेर आहे तो तोच ना? उन्हात काय उभा केलाय त्याला? ये रे बाळा, आत ये.'

मेहुणा आत आला. तिने त्याला खुर्चीवर बसवले, पाणी दिले, आणि झोप लागते का, असे विचारले. आता लागेल, असे तो म्हणाला. मग ती त्याला कोणती रोपे वाचली आणि कोणती मुळासकट गेली ते सांगत राहिली, आणि तो मान हलवत ऐकत राहिला. मापारींना कोणी बसा म्हटले नाही. ते खिडकीपाशी उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी तिथला तांब्या उचलला आणि कोरड्या राहिलेल्या रोपांना पाणी घालू लागले, आणि त्यांना कोणी थांबवलेही नाही.