पास्कूच्या विमानाला पंखा

पास्कूच्या पंख्याचे किस्से कुणी लिहून ठेवले नाहीत. पण आम्ही जुनी मंडळी जमलो की कुणीतरी एक काढतो, दुसरा त्यात भर घालतो, आणि तिसरा म्हणतो, "तू तर तेव्हा नव्हतासच."

पास्कू मुंबईच्या फ्लाइंग क्लबात मेकॅनिक, तिथेच विमान चालवायलाही शिकलेला. क्लबाने मोडीत काढलेलं दोन सीटचं जुनं विमान त्याने विकत घेतलं आणि ट्रकवर घालून वसईला केळीच्या वाडीत आणलं. त्याचा नाकावरचा लाकडी पंखा, म्हणजे प्रोपेलर, तडकलेला होता. पुन्हा लाकडीच बसवायचा, की हवेत असताना पात्यांचा कोन बदलता येणारा 'व्हेरिएबल पिच'? यावर आमची कमिटी बसली: पास्कू, फिजिक्सचे सावे मास्तर, पाचूबंदरचा बोटवाला बावतीस आणि मी. मी कचेरीत टायपिस्ट, म्हणून अर्ज माझ्याकडे. कमिटी चार वर्षं बसली.

*

मास्तरांनी शेडच्या दारावर खडूने आकृत्या काढून तासभर समजावलं. चढताना कोन कमी, म्हणजे इंजिन जोरात फिरतं. वर गेल्यावर कोन वाढवायचा, म्हणजे कमी फेऱ्यांत जास्त अंतर.

"कळलं?"

बावतीस म्हणाला, "मास्तर, टरकचा गेर सांगितला असता तं दोन मिनटांत कळला असता."

मास्तरांनी दार पुसून टाकलं.

*

परदेशातून पंखा मागवायला परवानगी हवी. मी अर्ज टाइप केला. विषय, प्रोपेलर. पत्ता, वसई. आठ महिन्यांनी मासेमारीचं काम बघणाऱ्या कुठल्याशा कचेरीतले साहेब जीपमधून उतरले.

"बोट कुठाय?"

"बोट नाही, विमान आहे," पास्कू म्हणाला.

साहेबांनी विमानाला एक चक्कर मारून फॉर्म उघडला. "जाळी किती?"

"जाळी नाहीत."

"मग शून्य लिहितो. रकाना रिकामा सोडता येत नाही."

महिन्याभराने पत्र आलं. पुरेशी जाळी नसल्याने अर्ज नामंजूर.

*

शेवटी तसा पंखा देशातच मिळाला, एका बंद पडलेल्या क्लबात. धातूचा, दोन कोनांचा, या विमानाला चालणारा. पास्कूने तो शेडमध्ये आणून पुसूनपुसून चकचकीत केला. मग मास्तरांनी वजनं मांडली.

"हा लाकडीपेक्षा बराच जड आहे. चढाई झकास होईल. पण तुझं आणि पेट्रोलचं वजन वजा जाता मागच्या सीटवर फार तर तीस किलो."

मागची सीट पास्कूच्या बायकोची, मारियावैनींची होती, तसा त्याचा शब्द होता. वैनी चहा घेऊन दारातच उभ्या होत्या.

"मी बसायचं नाही, असं सरळ सांगा ना, मास्तर."

पास्कू दोन दिवस त्या पंख्यासमोर बसून होता. जेवायलाही तिथेच. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. "कागद घाल. लाकडी मागव," म्हणाला, आणि टाइप होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

*

लाकडी पंखा लागला. विमान ट्रकने मुंबईला गेलं, तपासणी झाली, आणि एका रविवारी वैनींना मागे बसवून पास्कू वसईवर आला. आम्ही बंदरावर उभे. विमानाने दोन फेऱ्या मारल्या. बावतीस टोपी हलवत होता. मास्तर डोळे पुसत होते, ऊन लागतंय म्हणाले.

संध्याकाळी दोघं घरी आली. पास्कू नुसताच हसत होता. बावतीसने विचारलं, "वैनी, वरून आपली वसई कशी दिसली?"

वैनींनी चपला काढल्या, पाणी घेतलं.

"आपल्या घराची नऊ कौलं फुटलीत," त्या म्हणाल्या. "फादरांच्या बंगल्याचं एकही नाही."