मुआयन्याच्या दिवशीचा डावा हात

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांत मी नांदेडला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मी मूळची लातूरची. वडील कचेरीत कारकून. चार लोकांची बोलणी खाऊन त्यांनी मला शिकवलं, म्हणून मी बाई झाले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते निदान मला तरी शोभणारं नव्हतं.

पाचवीला इंग्रजी शब्दांना शेपटं लावायचे नियम होते. शेपटं हा मुलींचाच शब्द. 'रन'ला आयएनजी लावायचं तर एन दोनदा लिहायचा. 'मेक'चा शेवटचा ई गळतो. 'क्राय'ला ईडी लावताना वाय जातो आणि आय येतो. मुली घोकून घोकून रडकुंडीला यायच्या. मलाही ते घोकूनच आले होते, त्यामुळे कुणी 'असं का?' विचारलं की मी डोळे वटारायची.

मागच्या रांगेतल्या एकीला मात्र घोकावं लागत नसे. ती मुखेडकडची, शिकायला नांदेडात मामाकडे राहिलेली. शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणायची आणि शेपूट अचूक लावायची. 'असं का?' विचारणारीही तीच. ती डावखुरी होती. डाव्या हाताने लिहिणं मला अभद्र वाटायचं, म्हणून पट्टीचे तडाखे देऊन मी तिला उजव्याने लिहायला लावलं होतं. लिहिणं तेवढं उजव्यावर आलं, बाकी सगळं डाव्यावरच राहिलं.

तिच्या बापाने शाळेत घालतानाच मला बजावलं होतं, "बाई, तपासणीचे सायेब हुशार हाय म्हणले तर पोरीला ठिवतो. न्हाई तर घिऊन जातो. घरी लई कामं हायती." मुआयन्याच्या, म्हणजे तपासणीच्या दिवशी तो सकाळीच येऊन अंगणातल्या लिंबाखाली बसला.

मुआयन्याची आमच्याकडे एक रीत होती. माझ्या आधीच्या बाईंकडून ती मला आयती मिळाली होती. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचे. येत असेल तिने उजवा, येत नसेल तिने डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसायचा, आणि बाई उजव्या हातांतलीच एखादी उठवायची. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. आठवडाभर मी तालीम घेतली, शेपटांची कमी आणि हातांची जास्त. तालमीत ती पोर आठवणीने उजवा हात वर करायची, म्हणून मीही निर्धास्त होते.

साहेब आले. फळ्यावर त्यांनी 'स्विम' लिहिलं आणि आयएनजी लावायला सांगितलं. हा शब्द आम्ही कधी घेतलाच नव्हता. भराभर हात वर झाले, त्यांत उजवे जेमतेम पाच. मागच्या रांगेत ती जवळजवळ उभीच राहिली होती. ओठ दोनदा हलून झाले होते, डोळे चमकत होते, आणि वर गेलेला हात डावा होता.

मी पुढचीला उठवलं. तिने बरोबर सांगितलं. पुढच्या दोन शब्दांनाही तसंच झालं. ती पोर दर वेळी डावाच हात ताणून वर करत होती. शेवटी साहेबांनी बोट दाखवलं. "वो पीछे वाली लडकी? उससे क्यों नहीं पूछते?"

तिला येतंय, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. माझी खात्री पंधरा आणे होती, सोळा नव्हती. ती चुकली असती तर वर गेलेल्या सगळ्याच हातांचा साहेबांना संशय आला असता.

"कमजोर है, साहब," मी म्हटलं. "यूँ ही हाथ उठाती है।"

साहेबांनी मान हलवून वहीत काहीतरी लिहिलं. तिने हात खाली घेतला. उर्दू तिला चांगली कळत होती.

साहेब मोठ्या बाईंच्या खोलीत चहाला गेले तेव्हा बाप दाराशी आला. "सायेब काय म्हणले, बाई? पोरगी कशी हाय?"

अजूनही वेळ गेलेली नव्हती. एक शब्द बोलायचा होता. पण साहेब शेजारच्याच खोलीत होते, आणि हा माणूस उठून त्यांनाच विचारायला जाईल अशी मला भीती होती.

"कच्ची आहे, असं म्हणणं पडलं," मी म्हटलं. कोण म्हणालं ते सांगितलं नाही. तो "बरं" म्हणाला आणि पोरीचं दप्तर उचलायला गेला.

तेवढ्यात ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही मला जाब विचारणार. विचारला असता तर फार बरं झालं असतं.

"बाई, चुकलं माझं," ती खाली बघत म्हणाली. "तुमी सांगितलं व्हतं, तरी डावाच वर गेला. रागावू नगा."

"असू दे," मी म्हटलं. "नाही रागावले."