भडक्याची पगारवाढ

भडक्याने आपल्या सख्ख्या मेव्हण्याचा हात मोडला आणि त्यामुळे विद्यापीठात त्याचा पगार वाढला. खोटं वाटतं? मग ऐकाच.

भडका रसायन विभागात काचकारागीर. ज्योतीवर काचेची नळी धरायची, फुंकायची, वाकवायची आणि प्राध्यापकांना हवी तसली भांडी करून द्यायची. मनगटं लोखंडाची, डोकं ज्योतीहून गरम. एका संशोधकाने भांडं दोनदा परत केलं, तर याने ते त्याच्या पायाशी फोडलं आणि म्हणाला, आता कर परत.

पुढे शिक्षकेतरांचे पगार नव्याने ठरवायला समिती बसली. पद्धत सरळ होती. त्याच कामाला बाहेर जे मिळतं ते आत द्यायचं, म्हणजे माणसं सोडून जात नाहीत. कारकून, वायरमन, ड्रायव्हर बाहेर ढिगाने सापडतात. काचकारागीर कुठून आणायचा? आस्थापना विभागातल्या बाई शोधून शोधून थकल्या आणि भडक्याला बाटल्यांच्या कारखान्यातल्या मजुरांच्या रांगेत बसवायला निघाल्या. तसं झालं असतं तर निवृत्तीपर्यंत पगार जागचा हलला नसता.

भडक्याने बाईंच्या टेबलावर अशी मूठ हाणली की काच तडकली. शहरात या कामाचा आणखी एकच माणूस आहे, म्हणाला, उपकरणांच्या कारखान्यातला माझा मेव्हणा. त्याचा पगार विचारा आणि तोच मला लावा.

हा मेव्हणा दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा आणि हात धुता धुता सांगायचा की दाजी, बाहेर कलेची कदर आहे, मला तुमच्या दुप्पट मिळतात. भडका वर्षानुवर्षं ते घासाबरोबर गिळत आला होता.

बाईंनी कारखान्यात फोन केला. मेव्हण्याला भडक्याहूनही कमी मिळत होते.

त्या रविवारी मेव्हण्याला चपला काढायचीही सवड मिळाली नाही. भडक्याने त्याला भिंतीवर आदळलं, नाक फोडलं, पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या. मेव्हणा दाराची चौकट धरून उठू लागला.

"ताईसमोर मान वर राहावी म्हणून बोलायचो, दाजी," तो रक्त थुंकत म्हणाला.

"आणि माझी मान?" म्हणत भडक्याने दार लोटलं. मेव्हण्याची बोटं अजून चौकटीवर होती. तो आवाज शेजाऱ्यांनीही ऐकला म्हणतात. बायकोने नवऱ्याच्या डोक्यात तवा घातला तेव्हा कुठे तो थांबला.

आता गंमत बघा. कारखान्याचं काम अडलं आणि शहरात तिसरा माणूस नव्हता. मालकाने जाहिरात दिली, कोणी आलं नाही. पगार चढवून पुन्हा दिली, मग आणखी चढवून. समितीला बाहेरचा आजचा भाव हवा होता. बाईंनी कपाळाला आठ्या घालून तो भडक्याला लावला. सही होताना मी समोर बसून त्यांचाच चहा पीत होतो.

मेव्हण्याची बोटं सरळ झाली नाहीत. नोकरी गेली. भडक्याच्या बायकोने भाऊ, भावजय आणि त्यांची पोरं घरात आणली आणि नवऱ्याला बजावलं की यांना पोसायचं तुम्ही. वाढलेला पगार तिकडेच जातो. शिवाय मेव्हण्याला सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, म्हणून रोज सकाळी ती भावाला भडक्यासमोर उभं करते.

परवा मेव्हणा म्हणाला, "वरचं जरा आवळतंय, दाजी."

भडक्याची बोटं त्याच्या गळ्यापाशी थांबली. थांबली ती बराच वेळ. बायको मागेच उभी होती.

मग त्याने ते बटण काजातून सोडलं.