हिरव्या कार्पेटखालचा बर्फ

मंडळी, आत्ताच घरी आलोय आणि खांदे भरून आलेत.

इथे अमेरिकेत आमच्या गावच्या इनडोअर फुटबॉल टीमची आज शेवटची मॅच होती. म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, पण आइस हॉकीच्या रिंकमध्ये हिरवं कार्पेट अंथरून खेळायचा. टीम जेमतेम दोन सीझन चालली. मग स्पॉन्सर गेला आणि मालकांनी ती बंद करायचं ठरवलं.

मॅच हरलो. लोक पार्किंगकडे निघाले, तर प्लेयर्सच हेल्मेट काढून कार्पेटच्या पट्ट्या गुंडाळायला लागले. त्या कामाचा स्टाफ आधीच कमी केला होता.

आता मंडळाच्या गणपतीनंतर खुर्च्या आवरल्याशिवाय आपण कुणी घरी जातो का? माझी बायको मीनल म्हणाली, "चल ना, बघत काय बसलायस?" आम्ही प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून खाली उतरलो. आम्हाला बघून आणखीही बरेच जण उतरले.

पट्ट्या भिजलेल्या सतरंजीसारख्या जड होत्या. त्यांच्याखालच्या फळ्या उचलल्या आणि मी थबकलोच. खाली बर्फ होता. पांढराशुभ्र, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

कॅप्टन एरवी शाळेत पीटी शिकवतो. प्रत्येक मॅचआधी तो कार्पेटला हात लावायचा. आज त्याने वाकून बर्फावर तळवा टेकवला आणि तसाच राहिला.

"दोन वर्षं यावर पळलो," तो म्हणाला, "कधी गार लागलंच नाही."

मग आम्ही सगळ्यांनीच हात लावून बघितला.

तुमच्याही गावातलं असं काहीतरी बंद झालं असेल. आवरायला कोण कोण थांबलं होतं?