कवडी लिहिलेली कॅसेट

माझ्या जन्माची गोष्ट बाबा फार कौतुकाने सांगायचे. त्या गोष्टीत मी नसायचे आणि आईही जवळजवळ नसायचीच. पांढरकवड्याजवळ मिशनचा एक दवाखाना होता, तिथे आईला नेलं होतं. आई आत कळा सोसत होती आणि बाबा बाहेर निंबाखाली बसले होते. समोर तिथल्या गोऱ्या नर्सबाईंचं क्वार्टर होतं. त्यांनी रेकॉर्ड लावली आणि खिडकीतून एका बाईचा आवाज आला. "लांब धाग्याचा आवाज," बाबा सांगायचे. "वढत जा, वढत जा, तुटतच नाही." आई यावर एवढंच म्हणायची, "मी आत वरडून राह्यलती, ते नाही आलं तुमाले ऐकू." बाबा हसायचे आणि मीही हसायचे. मला तो विनोद वाटायचा.

ती बाई ऑपेरात गाणारी होती. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक; त्यात बोलणं नसतंच, भांडणसुद्धा गाऊनच. बाईंचा आवाज त्यातला सगळ्यात वरच्या पट्टीचा. जगभर त्यांचं नाव होतं, म्हणे. आमच्या घरात मात्र त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही. बाबा नुसतं 'बाई' म्हणायचे आणि आई 'तुमची बाई'. पुढे नर्सबाई आपल्या देशात परत गेल्या तेव्हा त्यांनी ती रेकॉर्ड बाबांना देऊन टाकली. आमच्याकडे ती वाजवायचं यंत्र नव्हतं. सहा-सात वर्षं रेकॉर्ड आईच्या लग्नातल्या पेटीत, आईच्या शालूखाली, पेपरात गुंडाळून पडून होती. दिवाळीत बाबा ती काढायचे, फडक्याने पुसायचे आणि परत ठेवायचे. ऐकता न येणाऱ्या गाण्याची एवढी निगा राखलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

बाबा घाटंजीच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडी समोर आली की आत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढायचा, धागा किती लांब ते बघायचं आणि प्रत सांगायची. किडलेला, पिवळा पडलेला, बोंडातून धड न सुटलेला कापूस म्हणजे कवडी. बाबांच्या तोंडून कवडी हा शब्द निघाला की गाडीवाल्याचा चेहरा उतरायचा. बाबा प्रामाणिक होते. कोणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत, आणि याचा त्यांना जो माज होता तो चहा पिणाऱ्यांनाही नव्हता.

पुढे नागपूरहून त्यांनी जुनं यंत्र आणलं, मग टेपरेकॉर्डर आणला आणि खरा छंद सुरू झाला. एका परदेशी रेडिओ केंद्रावर दर रविवारी संध्याकाळी तासभर त्यांच्याकडचं शास्त्रीय संगीत लागायचं. बाबा त्या केंद्राला पत्रं पाठवायचे, की अमुक नाटकातलं बाईंचं अमुक गाणं लावा. एकदा त्यांचं पत्र वाचलं गेलं. गोऱ्या निवेदकाने आमच्या आडनावाचा पार भुगा केला, तरी बाबांनी कापूस केंद्रावर पेढे वाटले. मी दहावीत पहिली आले तेव्हा पेढे आईने वाटले होते.

आमचा रेडिओ वेगळा आणि टेप वेगळा. दोहोंच्या मधे वायर जोडायची सोय नव्हती. त्यामुळे टेप रेडिओसमोर ठेवायचा, दोन बटणं एकदम दाबायची आणि घरातल्यांनी मेल्यासारखं बसायचं. पंखा बंद. कुकर बंद. नळाखाली बादली असेल तर नळ बंद. आई स्वयंपाकघरात, हातात आवाज न होणारं काम घेऊन. बहुतेक तुरीची डाळ निवडत. मी समोरच्या दारात पहारेकरी. रस्त्यावरून पोरं बोंबलत आली की हात करून त्यांना पुढे पिटाळायचं. ते काम मला आवडायचं, हे इथेच सांगून टाकते. वर्गात कोणाच्या घरी असलं काही नव्हतं.

रेकॉर्डिंग झालं की बाबा कॅसेट ऐकून तिची प्रत ठरवायचे. चांगली निघाली की तिच्या पाठीवरच्या दोन प्लॅस्टिकच्या खिट्या स्क्रू-ड्रायव्हरने तोडायचे. खिट्या तोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. खराब निघाली, मधे कोणी खोकलं, कुत्रं भुंकलं, तर लेबलवर 'कवडी' असं लिहायचं आणि खिट्या तशाच ठेवायच्या, म्हणजे पुढच्या रविवारी तीच पुन्हा वापरता येई. माझं अक्षर चांगलं म्हणून लेबलं मी लिहायचे.

सगळ्यात जास्त कॅसेटी कवडी झाल्या त्या आईमुळे.

आई राळेगावकडच्या खेड्यातली. भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याची, गाणी म्हणायला तिच्या माहेरी बाया तिला दोन-दोन गल्ल्या ओलांडून बोलवायला यायच्या. लग्नानंतर बाबांनी तिचा गळा एकदाच ऐकला आणि 'गावठी' म्हणाले. तेही प्रत सांगावी तसं, मनात काही न ठेवता. तेव्हापासून आई मोठ्याने गायली नाही. पण बाईंची तीच ती गाणी दर आठवड्याला ऐकून तिला पाठ झाली होती. शब्द तर कोणालाच कळत नव्हते, बाबांनाही नाही. डाळ निवडता निवडता तिच्या नकळत ती गुणगुणायची आणि टेप तेवढं बरोबर टिपायचा. बाबा कॅसेट ऐकताना भुवया चढवायचे. "आली पाहा तुही माय," मला म्हणायचे, आणि मी लेबलवर कवडी लिहायचे.

मग कापसाची वाईट वर्षं आली. बोंडअळी, भलत्या वेळचा पाऊस, उशिरा उघडणारी केंद्रं. बाबा संध्याकाळी घरी यायचे ते शिव्या खाऊनच. तशा एका वर्षी माझा मामा राळेगावकडून बैलगाडी घेऊन घाटंजीपर्यंत आला. जवळ दुसरं केंद्र असताना इथवर का आला, ते सांगायची गरज नव्हती. दोन दिवस रांगेत राहिला. बाबांनी त्याच्या गाडीत हात घातला, अंगठ्यांत धागा ओढला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, कवडी. कापूस होताही तसाच. पण सख्ख्या मेव्हण्याला ते हळू सांगता आलं असतं, एवढी अक्कल त्या प्रामाणिकपणात नव्हती. मामा घरी आला, पाणी प्याला आणि आईने ताट वाढलेलं असताना उठून गेला.

त्यानंतरच्या रविवारी आई गायली. गुणगुणली नाही, गायली. रेडिओवर बाईंचं गाणं सुरू झालं आणि स्वयंपाकघरातून आईने तोच सूर धरला, खालच्या पट्टीत, पूर्ण गळ्याने. अठरा-वीस वर्षं दाबलेला आवाज होता तो. मला आठवतं ते असं: बाबा ताडकन उठले, आत गेले आणि आईवर ओरडले. आई गप्प झाली. ती पुन्हा कधी गुणगुणलीसुद्धा नाही. पुढे बाबांच्या कॅसेटी एकजात स्वच्छ निघू लागल्या.

हा प्रसंग मी किती जणांना सांगितला असेल. नवऱ्याला लग्न ठरताना सांगितला, मैत्रिणींना सांगितला, शाळेच्या स्टाफरूममध्ये पुरुषांचा विषय निघाला की सांगितला. सांगता सांगता तो पक्का होत गेला. बाबांचा चेहरा कसा लाल झाला होता, हेही मी सांगायचे.

आई तापाने गेली, आठ दिवसांत. मी तेव्हा यवतमाळला सासरी होते. आमच्या घरात टेप आणि खोकाभर कॅसेटी असून तिचा आवाज कुठेच नव्हता, हे तेराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मी बाबांना विचारलं, "कवडी लिहिलेल्या कॅसेटी कुठं हायेत?"

"त्या कायले ठीवतो? भरलं त्यायच्यावर दुसरं."

"सगळ्या?"

"सगळ्या."

म्हणजे आईच्या प्रत्येक गुणगुणण्यावर त्यांनी बाईंना बसवलं होतं. माझ्या तोंडाला तेव्हा काही धरबंध राहिला नाही. बाहेर मांडवात माणसं बसलेली असताना मी मोठ्याने म्हटलं, की मामा ताटावरून उठून गेला, त्यानंतरच्या रविवारी तुम्ही तिच्यावर ओरडलात, तिचा गळा तुम्ही दाबलात आणि आता उरलेलाही पुसलात.  बाबा खाली मान घालून रेडिओवरची धूळ पुसत राहिले. मला वाटलं, गुन्हा कबूल आहे. त्यानंतर नऊ-दहा वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. दिवाळीला जायचे, फराळाचा डबा ठेवायचे, यायचे.

कापसाचं केंद्र कधीच बंद पडलं होतं. परदेशी रेडिओवरचा तो तासही बंद झाला. बाबांना डोळ्यांनी नीट दिसेना, तेव्हा नाइलाजाने त्यांना माझ्या घरी आणायचं ठरलं. सामान बांधायला घाटंजीला गेले. आईच्या पेटीत तळाशी, शालूखाली, जिथे पूर्वी ती रेकॉर्ड असायची तिथे, पेपरात गुंडाळलेली एक कॅसेट होती. लेबलवर माझ्या अक्षरात 'कवडी'. मी ती उलटी केली. पाठीवरच्या दोन्ही खिट्या तोडलेल्या होत्या.

कवडी कॅसेटच्या खिट्या बाबा कधीच तोडत नसत. मी कॅसेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा पाठीवरून फिरवला आणि त्यांना कळलं.

"नको लावू ते," बाबा म्हणाले.

"काहून? तुमचा आवाज हाये म्हणून?"

"नको लावू, पोरी."

माझ्या अंगात सूड शिरला होता. मी टेप जमिनीवर ठेवला, बाबांना समोर खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं. म्हटलं, ऐका आता स्वतःला.

आधी खरखर. मग बाई. मग आई आली. एवढ्या वर्षांत मी तो आवाज मनात बारीक आणि बिचारा करून ठेवला होता. तो तसा नव्हता. जाड, भरदार, जरासा रागावलेला आवाज. बाई वर चढत होत्या आणि आई खाली, त्याच वाटेने, एक सूर न चुकता. मी रडायलाही विसरले. बाबांचे दोन्ही अंगठे मांडीवर एकमेकांना धरून होते.

मग एक आवाज आला. धारदार, चिडलेला, पोरीचा.

"आई! चूप बस ना वं! सारी कॅसेट कवडी करून राह्यली!"

आई तिथेच थांबली. अर्ध्या सुरात. नंतर फक्त बाई, शेवटपर्यंत, स्वच्छ.

मी वाट पाहिली. बाबांचा आवाज येईल, ते उठतील, आत जातील. बाजू संपून बटण वर उडालं तरी बाबा कुठेच आले नाहीत.

कॅसेट बाहेर काढत मी विचारलं, "मग ठेवली कायले?"

"तिचा आवाज हाय त्यात."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुहाही हाय," बाबा म्हणाले.

बाबा देवमाणूस होते, असं म्हणायला मी आजही तयार नाही. घर त्यांनीच मुकं केलं होतं आणि कवडी हा शब्दही त्यांचाच होता. पण मांडवातल्या शंभर माणसांना ऐकू जाईल असं मी बोलत होते तेव्हा त्यांनी एक वाक्य उच्चारलं असतं तर माझी मान कायमची खाली गेली असती. ते त्यांनी उच्चारलं नाही. मला त्याचे उपकार वाटायला हवेत. वाटतो तो राग, आणि तो नेमका कोणावर काढायचा हे आता कळत नाही.

माझी मुलगी कधी कधी म्हणते, आजी ऐकव. तिला ते गाणं आवडतं. मी कॅसेट लावते आणि बोट बटणावर ठेवून बसते. माझा आवाज कुठे येतो ते मला पाठ आहे. तो तिने ऐकू नये म्हणून मी बटण थोडं आधीच दाबते. आई अर्ध्या सुरात थांबते, आणि मुलगी दर वेळी विचारते, आजी मधेच गप्प का झाली?